मुंग्यांमधून उगवलेलं वाचनालय

हल्ली कॉम्प्युटरला नुसतं सांगायचं, ‘दुमजली वाचनालय काढ, कौलारू छप्पर, बाहेरून जिना,’ की थोड्या वेळात चित्र हजर! लांबून बघितलं तर एकदम झकास. पण जरा जवळून बघा. खिडकीचे गज एकमेकांत वितळलेत, जिन्याचा कठडा मध्येच गायब! असं का होतं बरं?

आधी हे चित्र तयार कसं होतं ते पाहू. जुन्या टीव्हीवर प्रक्षेपण बंद झालं की पडदाभर मुंग्या दिसायच्या. एआयचं चित्र अनेकदा अशाच मुंग्यांपासून सुरू होतं. यंत्राला शिकवताना असंख्य चित्रांवर मुद्दाम मुंग्या पसरतात आणि त्या ओळखायला लावतात. मग नुसत्या मुंग्या दिल्या तरी ते थोड्या थोड्या पुसत जातं आणि हळूहळू चित्र वर येतं. या पद्धतीचं नाव डिफ्यूजन. २०२० सालच्या एका गाजलेल्या शोधनिबंधात हे पुसणं १००० टप्प्यांत केलं होतं.

आता गजांचं कोडं. २०२२ साली आलेल्या ‘स्टेबल डिफ्यूजन’चं चित्र ५१२ बाय ५१२ ठिपक्यांचं असायचं. पण यंत्र आतून काम करायचं ते ६४ बाय ६४ घरांच्या जाळीवर! म्हणजे एकेका घरात ६४ ठिपक्यांचा ऐवज कोंबलेला. लांबची खिडकी दोन-तीन घरांत बसली, तर बिचारे गज मावणार कुठे?

यावर दोन उपाय आहेत. पहिला, तयार चित्रावर पुन्हा मुंग्या टाकून पुसायला लावायच्या. थोड्याच टाकल्या, तर इमारत तीच राहते आणि बारकावे सुधारतात. खूप टाकल्या, तर वाचनालयाचं देऊळ व्हायचं! दुसरा, फक्त खिडकीचा तुकडा मोठा करून द्यायचा. आता तिला अख्खी जाळी मिळते, गज सुटे होतात. मग तुकडा लहान करून जागेवर बसवायचा. रांगोळीत आधी ठिपके, मग रेषा, मग रंग. तसंच इथंही एका वेळी एकच दुरुस्ती.

पण थांबा, खरी गंमत पुढेच आहे. यंत्र गज मोजत नाही, अंदाजाने भरतं. समजा, मजला ३ मीटर उंच आहे. १५ सेंटिमीटरची एक पायरी धरली, तर २० पायऱ्या हव्यात. चित्रात आहेत ९! म्हणजे एकेक पायरी ३३ सेंटिमीटरहून उंच. आजी चढणार कशा? दहा वेळा चित्र सुधारलं, तरी त्या ९ पायऱ्या जास्त चकचकीत होतील, इतकंच. तेव्हा आधी मोजायचं, चुकलेला भाग बदलायचा आणि मगच बारकाव्यांच्या मागे लागायचं. गवंडी चित्र बघून नाही, मापं बघून जिना बांधतो!

करून पाहा : चौकटीच्या वहीत ३ बाय ३ चौकोनांत खिडकी काढा. अट एकच, चौकोन पूर्ण रंगवायचा नाहीतर कोरा ठेवायचा. मग तीच खिडकी २४ बाय २४ चौकोनांत काढा. दोन्हींत किती गज मावले ते मोजा. गज का वितळतात, ते तुमचं तुम्हालाच कळेल!