यंत्राला काम द्या, पण लगामही ठेवा

परीक्षेचा निकाल तुम्ही मोबाईलवर पाहता, तेव्हा तो पाठवणारा संगणक दूर कोठेतरी असतो. त्याला सर्व्हर म्हणतात. पूर्वी संस्था असे सर्व्हर स्वतः विकत घेऊन सांभाळत. २००६ साली अॅमेझॉन कंपनीने आपले सर्व्हर भाड्याने देण्यास सुरुवात केली. हीच ‘क्लाउड’ची, म्हणजे ढगाची, सोय. हा ढग आकाशात नसतो; मुंबईसारख्या शहरांतील इमारतींत असतो.

गर्दी वाढली की ढगातील सर्व्हर वाढवता येतात. पण प्रोग्रॅममध्ये सुधारणा केली, तर ती सर्वांवर चढवायची कोणी? माणसाने, की यंत्राने?

अमेरिकेतील नाइट कॅपिटल ही शेअरबाजारात व्यवहार करणारी कंपनी. २०१२ साली तिच्या आठ सर्व्हरांवर माणसांनी नवा प्रोग्रॅम चढवला. सातांवर तो चढला, एक राहून गेला. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या एकावरील जुना, वापरात नसलेला भाग जागा झाला आणि भराभर सौदे करू लागला. घाईने इतर सातांवरचा नवा प्रोग्रॅम काढला, तेव्हा तेही तसेच वागू लागले! सुमारे ४५ मिनिटांत ४४ कोटी डॉलरांहून अधिक रक्कम बुडाली.

मग यंत्रच बरे, असे तुम्ही म्हणाल. पण १९ जुलै २०२४ रोजी काय झाले ते पाहा. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा-प्रोग्रॅममधील एक सदोष बदल आपोआप जगभर गेला. तो ७८ मिनिटांत मागे घेतला. तरी मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाप्रमाणे ८५ लाख संगणकांना त्याचा फटका बसला. बंद पडलेल्या संगणकांपर्यंत दुरुस्ती पोहोचेना. अनेक ठिकाणी माणसांना एकेका संगणकापाशी जावे लागले.

म्हणजे माणूस विसरतो, आणि यंत्र चूकसुद्धा इमानाने सगळीकडे पोहोचवते.

माझ्या मते हे काम यंत्राकडेच द्यावे. शंभर सर्व्हरांवर तेच काम न चुकता करणे माणसाला जमणारे नाही. मात्र प्रत्येक बदलाची आधी चाचणी व्हावी. तो प्रथम थोड्याच सर्व्हरांवर चढवावा आणि ते नीट चालले तरच पुढे जावे. मागे फिरण्याची वाटही आधी चालून पाहिलेली असावी. यात वेळ जातो, ही तक्रार खरी आहे. पण प्रयोगशाळेत आम्ल तुम्ही थेंबाथेंबानेच घालता ना? तेथे जी शिस्त, तीच येथेही हवी.