तीस तासांची हजेरी आणि लोहाऱ्याचा रुग्ण

पदवी मिळाल्यावरही डॉक्टर आयुष्यभर विद्यार्थीच असतो, हे वाक्य सत्कार समारंभांतून आपण अनेकदा ऐकतो. वास्तविक ती केवळ शोभेची उक्ती नाही. तो नियम आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारसंहितेने प्रत्येक डॉक्टरने दर पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर वैद्यकीय शिक्षण घ्यावे, असे घालून दिले. महाराष्ट्र वैद्यक परिषदेने त्याची सांगड थेट नोंदणीच्या नूतनीकरणाशी घातली. पाच वर्षांत ३० श्रेयांक जमले, तर डॉक्टरचे नाव नोंदवहीत पुढे चालू राहते.

आता थोडे गणित मांडू. पाच वर्षांत तीस तास म्हणजे वर्षाला सहा तास, म्हणजेच महिन्याला अर्धा तास! ज्या शास्त्रात नवी औषधे, नव्या चाचण्या आणि नवे इशारे सतत येत असतात, त्या शास्त्राशी संबंध टिकवण्यासाठी महिन्याला अर्धा तास पुरतो, असे आपल्या व्यवस्थेने मानले आहे. आणि या अर्ध्या तासात डॉक्टर काय शिकला, हे कुणी विचारीत नाही. तो हजर होता की नाही, एवढेच पाहिले जाते. २०२० च्या महामारीनंतर ही हजेरी मोठ्या प्रमाणावर संगणकाच्या आणि भ्रमणध्वनीच्या पडद्यावर आली. सभागृहातील खुर्चीवर निदान माणूस बसलेला दिसे. पडद्यावर आता नाव दिसते.

म्हणून ऑनलाइन शिक्षण बंद करा, अशी हाकाटी काही ज्येष्ठ मंडळी करतात. आमचे मत नेमके उलट आहे. ते वाढले पाहिजे. मात्र ते औषध कंपन्यांच्या हातून काढून घेतले पाहिजे आणि हजेरीच्या जागी अध्ययन मोजले गेले पाहिजे. याचे कारण समजून घ्यायचे तर मुंबई-पुण्याकडे पाहून चालणार नाही. धाराशिव जिल्ह्याच्या पूर्वेकडील लोहारा तालुक्याकडे पाहावे लागेल.

तालुक्याची गरज

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात झालेल्या भूकंपाने या भागाचे नाव देशाला कळले. सास्तूर हे लोहारा तालुक्यातील गाव त्या उद्ध्वस्त पट्ट्यातलेच. तेव्हा देशभरातून डॉक्टर धावून आले. ते आठवडे सरले, डॉक्टर आपापल्या गावी परतले. त्यानंतर माकणी, जेवळी, कानेगाव, सास्तूर येथील रुग्ण ज्यांच्या हाती आहेत, ते इथलेच मूठभर डॉक्टर. त्यांच्यापासून लातूर, सोलापूर किंवा अंबाजोगाईचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय रस्त्याने दूर आहे. धाराशिवला महाविद्यालय झाले ते २०२२ मध्ये. चर्चासत्रासाठी दवाखाना बंद ठेवून एक दिवस बाहेर जायचे, तर त्या दिवशी आलेल्या रुग्णाने कुणाकडे पाहायचे? अशा डॉक्टरसाठी पडद्यावरून घरी येणारे शिक्षण हे वरदान आहे. ते नाकारणे म्हणजे तालुक्यातील रुग्णाला जुन्या ज्ञानाच्या हवाली करणे होय.

परंतु त्याच्या पडद्यावर येते काय? मधुमेहाची नवी गोळी, रक्तदाबाचे नवे मिश्रण, कोलेस्टेरॉलचे नवे औषध. हे विषय निरुपयोगी आहेत, असे कुणी म्हणणार नाही. मधुमेह खेड्यातही आहेच. प्रश्न असा आहे की, जे विषय येत नाहीत, ते का येत नाहीत?

सर्पदंशाचेच उदाहरण घ्या. रात्री जमिनीवर झोपलेल्या शेतमजुराला मण्यार चावतो. दंशाच्या जागी सूज नसते, कधी खूणही सापडत नाही. पहाटे तो पोटात दुखते म्हणून येतो. त्याच्या पापण्या जड झाल्या आहेत, हे डॉक्टरच्या लक्षात आले नाही, तर काही तासांत श्वासाचे स्नायू लुळे पडतात. घोणस चावलेल्या रुग्णाचे दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत वीस मिनिटे न हलवता ठेवायचे आणि मग नळी कलती करून पाहायची. रक्त गोठले नसेल, तर प्रतिविष द्यायलाच हवे. नळी प्लॅस्टिकची असली किंवा साबणाच्या पाण्याने धुतलेली असली, तर निष्कर्ष चुकतो. लहान मुलाला प्रतिविषाची मात्रा मोठ्या माणसाइतकीच लागते. कारण सापाने विष टोचताना वय पाहिलेले नसते. एवढे ज्ञान अर्ध्या तासात देता येते आणि त्याने जीव वाचतो. केंद्र सरकारने मार्च २०२४ मध्ये सर्पदंशावरील राष्ट्रीय कृती आराखडा जाहीर करून २०३० पर्यंत मृत्यू निम्म्यावर आणण्याचे लक्ष्य ठेवले, ते योग्यच झाले. पण काचेच्या नळीच्या चाचणीवर वेबिनार भरवण्यात कोणत्या कंपनीला रस असेल? तिच्यात विकण्यासारखे काही नाही. ज्या ज्ञानाला विक्रेता नाही, त्याला प्रायोजक मिळत नाही. सगळ्या दुखण्याचे मूळ हेच.

बिरवाडीचा धडा

‘खेड्यातील डॉक्टरला कुठे एवढी जिज्ञासा?’ असा कुत्सित प्रश्न शहरांत विचारला जातो. त्याचे उत्तर महाराष्ट्राने केव्हाच दिले आहे. मराठवाड्याच्या जालना जिल्ह्यात जन्मलेले डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ पासून महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करू लागले. कोकणातील लाल विंचवाच्या दंशाने माणसे पटापट मरत होती. बावस्करांनी प्रत्येक रुग्णाजवळ बसून निरीक्षणे टिपली आणि रक्तदाबावरचे प्राझोसिन हे स्वस्त औषध त्यावर गुणकारी ठरते, हे दाखवून दिले. १९८६ मध्ये ‘लॅन्सेट’ या जगन्मान्य नियतकालिकाने ते छापले. गंभीर दंशाच्या रुग्णांत पूर्वी शेकडा २५ ते ३० जण दगावत. प्राझोसिननंतर ते प्रमाण एक टक्क्याखाली आले. २०२२ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. तालुक्याचा डॉक्टर ज्ञान केवळ घेत नाही, देऊही शकतो, हा बिरवाडीचा धडा आहे. आजच्या वेबिनारमध्ये मात्र त्याला बोलायला जागाच नसते.

एकतर्फी व्याख्यान निष्फळ ठरते, हेही काही आमचे मनाचे म्हणणे नाही. डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये अमेरिकी वैद्यक संघटनेच्या नियतकालिकात जुन्या चाचण्यांचा आढावा घेऊन दाखवले की, नुसत्या व्याख्यानाने डॉक्टरांची उपचारपद्धती बदलल्याचे दिसत नाही. चर्चा आणि सराव असला, तर बदलू शकते. त्याच नियतकालिकात २००८ मध्ये कुक आणि सहकाऱ्यांनी इंटरनेटवरील शिक्षणाचा आढावा घेतला आणि ते प्रत्यक्ष वर्गाच्या जवळपास तोडीचे आढळले. तात्पर्य, दोष पडद्याचा नाही, शिकवण्याच्या रीतीचा आहे.

चांगली रीत कशी असते, तेही जगाने पाहिले आहे. अमेरिकेतील न्यू मेक्सिको प्रांतात भारतीय वंशाचे डॉ. संजीव अरोरा यांनी २००३ मध्ये ‘प्रोजेक्ट इको’ सुरू केला. दर आठवड्याला खेड्यांतील डॉक्टर आपले खरे रुग्ण पडद्यावर विद्यापीठातील तज्ज्ञांपुढे मांडीत आणि सगळे मिळून चर्चा करीत. यकृताच्या ‘हिपॅटायटिस सी’ या आजाराच्या ४०७ रुग्णांचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. विद्यापीठाच्या दवाखान्यात ५७.५ टक्के रुग्ण विषाणुमुक्त झाले, तर दूरच्या ठिकाणी ५८.२ टक्के! खेड्यातला डॉक्टर तज्ज्ञाच्या तोडीस उतरला. आपल्याकडे बंगळुरूच्या ‘निम्हान्स’ने मानसिक आरोग्यासाठी हीच पद्धत वापरली आहे.

यात आपल्याला परके वाटावे असे काहीच नाही. चरकसंहितेच्या विमानस्थानात ‘तद्विद्यसंभाषा’ सांगितली आहे. वैद्याने त्याच शास्त्रातील वैद्याशी संवाद करावा, शंका विचाराव्यात, प्रसंगी वादही घालावा, त्याने ज्ञान वाढते, असा तिचा आशय. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ मध्ये नव्या विद्यार्थ्यांसाठी महर्षी चरक शपथेची शिफारस केली, तेव्हा आपल्यापैकी अनेकांना आनंद झाला. पण शपथेपुरते चरक आणि शिक्षणासाठी कंपनीचा प्रायोजित वक्ता, ही विसंगती आपणच दाखवायला नको का? पूर्वजांचा गौरव त्यांची पद्धत आचरणात आणण्यात आहे.

माघार कुणी घेतली?

प्रयत्न झाला नाही, असे नाही. आयोगाने २ ऑगस्ट २०२३ रोजी नवी नियमावली काढली. औषध कंपन्यांचे प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष प्रायोजकत्व असलेल्या शैक्षणिक कार्यक्रमांपासून डॉक्टरांनी दूर राहावे, असे तिच्यात स्पष्ट लिहिले होते. त्याच नियमावलीतील जेनेरिक औषधांच्या सक्तीवरून डॉक्टरांच्या संघटनांनी गदारोळ केला आणि २३ ऑगस्टला संपूर्ण नियमावलीच स्थगित झाली. जेनेरिकच्या गुणवत्तेविषयीचा आक्षेप विचार करण्याजोगा होता. पण त्याच्या आडून प्रायोजकत्वाची बंदीही वाहून गेली, त्याचे काय? अवघ्या तीन आठवड्यांत!

पुढे १२ मार्च २०२४ रोजी केंद्राच्या औषधनिर्माण विभागाने कंपन्यांसाठी विपणन संहिता काढली. परदेशातील चर्चासत्रांना तिने मनाई केली, हे स्वागतार्ह आहे. मात्र ठराविक मार्गांनी कंपन्यांना वैद्यकीय शिक्षणात राहू दिले. आणि तक्रारींचा निवाडा कुणाकडे? कंपन्यांच्याच संघटनांनी नेमलेल्या समितीकडे. सर्वोच्च न्यायालयाने २२ फेब्रुवारी २०२२ च्या निकालात डॉक्टरांना दिलेल्या भेटींच्या खर्चावर कंपन्यांना प्राप्तिकराची सवलत मिळणार नाही, असे ठणकावले होते. न्यायालयाला जे दिसले, ते व्यवस्थेला दिसू नये?

‘कंपन्या पैसे देणार नसतील, तर कार्यक्रम कोण करणार?’ असा बचाव केला जातो. सभागृह, भोजन, हार-तुरे यांना पैसा लागतो, हे खरे. पडद्यावरील रुग्णचर्चेला काय लागते? एक जाणता अध्यापक, एक संगणक आणि ठरलेला वार. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून नाशिकला आहे. धाराशिव, लातूर, सोलापूर, अंबाजोगाई येथील अध्यापक शासनाच्या वेतनावर आहेत. दर आठवड्याला एक तास तालुक्यांच्या डॉक्टरांसाठी राखून ठेवा. डॉक्टरांनी आपले रुग्ण, नाव-गाव वगळून, मांडावेत. चर्चा मराठीत व्हावी. श्रेयांक रुग्ण मांडणाऱ्याला आणि प्रश्नांची उत्तरे देणाऱ्याला मिळावेत, नुसत्या उपस्थिताला नव्हे. विषयांची यादी जिल्ह्यातील आजार पाहून ठरवावी आणि कंपनीचा एक रुपयाही त्यात येऊ नये.

शासन हलेपर्यंत समाजाने वाट पाहावी, असेही नाही. १९६६ मध्ये डॉ. अशोक कुकडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लातूरला विवेकानंद रुग्णालय उभे केले, ते शासनाच्या आदेशाने नव्हे. लोहाऱ्याशेजारच्या तुळजापूर तालुक्यात, अणदूरला, डॉ. शशिकांत अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावोगावच्या महिलांना ‘भारतवैद्य’ म्हणून घडवले. जेथे गावातील गृहिणी आरोग्याचे पाठ गिरवू शकली, तेथे पदवीधर डॉक्टरसाठी आठवड्याला एक तास उभा करणे अशक्य कसे? सेवाभावी रुग्णालये आणि डॉक्टर कार्यकर्ते यांनी ही आठवड्याची चर्चा स्वतः सुरू करावी आणि मग वैद्यक परिषदेकडे श्रेयांकांची मागणी लावून धरावी.

राहता राहिला सामान्य वाचक. आपल्या डॉक्टरच्या भिंतीवर पदवीचे प्रमाणपत्र असते. ‘यंदा आपण नवे काय शिकलात आणि ते कुणाच्या खर्चाने?’ असे त्याला आदराने विचारण्याचा अधिकार रुग्णाला आहे. प्रामाणिक डॉक्टरला या प्रश्नाचा राग येणार नाही. लोहाऱ्याच्या दवाखान्यात पहाटे पोट धरून आलेल्या शेतमजुराला हा प्रश्न विचारण्याचे त्राण नसते. त्याच्या वतीने तो आपण विचारायला हवा.