द्राक्षाचा प्लॉट आणि माझा क्लास

ऑफिसात नवीन आलेली मुलं एक प्रश्न हमखास विचारतात. "मोठी वेब ॲप्लिकेशन्स बनवायला शिकायचंय, स्प्रिंग घेऊ की जँगो?" पूर्वी मी म्हणायचो, कुठलंही एक घे आणि नीट शीक. आता उलट विचारतो, "ॲप्लिकेशन कशाचं?" यावर बहुतेक जण गप्प होतात. मीही झालो होतो... आणि तेही निफाडला, घरच्याच ओट्यावर.

झालं असं, की स्प्रिंगचं जाडजूड पुस्तक नुकतंच संपवलं होतं आणि अंगात जोर होता. गावातले दहा-बारा द्राक्षवाले मिळून एक्स्पोर्टला माल देतात, त्यांचा सगळा हिशोब वह्यांत. म्हटलं, चला, सरावाला प्रोजेक्ट मिळालं! दोन वीकेंड बसून 'व्यक्ती' नावाचा क्लास केला, त्याच्यापासून 'शेतकरी' आणि 'व्यापारी'. इनहेरिटन्स बघून स्वतःच्याच पाठीवर थाप मारली. लॅबचा रिपोर्ट शेतकऱ्याला जोडला: पास किंवा नापास. झालं काम.

नानांना (म्हणजे माझे काका) लॅपटॉपवर दाखवलं. त्यांनी शांतपणे बघितलं आणि विचारलं, "मळ्यातल्या थॉमसनचं सॅम्पल नापास आलं तर?"

"मग तुमच्या नावापुढे नापास येईल."

"मी कसा नापास होईन रे? प्लॉट नापास होईल. मळ्यातली छाटणी सप्टेंबरात झाली, कादवेकाठची ऑक्टोबर संपताना. फवारण्या वेगळ्या, तोड वेगळी. एकाच्या पापाची शिक्षा दुसऱ्याला कशाला?"

आता गंमत बघा. नाना जे बोलले, तेच देशपातळीवर आधीच झालेलं होतं. २००३ साली नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अंश सापडले आणि निर्यातदारांची झोप उडाली. त्यातून पुढे २००६ च्या सुमारास अपेडाने 'ग्रेपनेट' ही वेबवरची यंत्रणा उभी केली. युरोपला जाणाऱ्या द्राक्षांचा प्रत्येक प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा. त्याला नंबर मिळतो. सॅम्पल प्लॉटचं, रिपोर्ट प्लॉटचा. पुढे पॅकहाऊस, ॲगमार्क, फायटोसॅनिटरी सर्टिफिकेट, सगळं त्या नंबराला बांधलेलं. तिकडे माल उतरला की तो कुठल्या प्लॉटमधून आला, हे मागे मागे जात शोधता येतं. नंतर डाळिंब, आंबा, भाज्यांसाठीही अशा सोयी झाल्या. मला विचाराल तर ऑब्जेक्ट ओरिएंटेड डिझाइनचा याहून चांगला धडा शोधून सापडणार नाही. 'व्यक्ती'पासून 'शेतकरी' काढणं हा धडा नव्हे; रिपोर्ट नेमका कोणाचा, हे ओळखणं हा धडा.

आणखी एक. २०१० साली पुन्हा गडबड झाली, या वेळी क्लोरमेक्वाट क्लोराइडमुळे. वेलीची वाढ आवरायला वापरतात ते, शेतकरी त्याला 'सीसीसी' म्हणतात. तपासायच्या यादीत ते नव्हतंच! माल लॅबमधून पास होऊन गेला आणि युरोपात अडकला. हे वाचताना मला माझं टेबल आठवलं. मी प्रत्येक औषधाला एक कॉलम दिला होता... म्हणजे यादीत एक नाव वाढलं की मी पुण्याहून येऊन कोड बदलणार, तोवर माल उन्हात. औषधांची यादी ही कोडमधली नव्हे, डेटातली गोष्ट हवी.

आता तुम्ही म्हणाल, मग फ्रेमवर्क शिकूच नये का? तसं अजिबात नाही. दोन पॅकहाऊसमधल्या दोन कारकुनांनी एकाच प्लॉटच्या शिल्लक मालावर एकाच क्षणी क्लिक केलं, तर हिशोब चुकू नये याची ट्रान्झॅक्शन्स स्वतः लिहायला बसू नका, स्प्रिंग ते उत्तम करतं. लॉगिन, फॉर्म, डेटाबेस, तेच. पण ही फ्रेमवर्क्स आली कुठून? रेल्स 'बेसकँप' या चालू ॲप्लिकेशनमधून वेगळं काढलं, २००४ मध्ये. जँगो अमेरिकेत कॅन्ससमधल्या लॉरेन्स गावच्या वर्तमानपत्राच्या कचेरीत वाढलं आणि २००५ मध्ये बाहेर आलं. दोन्हीकडे काम आधी, फ्रेमवर्क नंतर. आपण क्लासला फी भरून नेमकं उलट्या क्रमाने शिकतो, आणि मग पाच वर्षांच्या अनुभवानंतरही 'व्यक्ती'पासून 'शेतकरी' काढत बसतो.

असो. पुढच्या शनिवारी मी सगळं पाडून पुन्हा बांधलं आणि नानांना दाखवलं. आता रिपोर्ट प्लॉटला होता. नापास झाल्यावर अलर्ट येत होता, त्या प्लॉटचा माल अडत होता, कादवेकाठचा सुटत होता. नाना खूश झालेले दिसले.

"बरं, काही दिवसांनी मळ्यातलं सॅम्पल पुन्हा दिलं आणि पास झालं," ते म्हणाले, "तर पहिला रिपोर्ट कुठं जाईल?"

मी तिथे सरळ अपडेट मारलं होतं. लॅपटॉप मिटला आणि काकूकडे चहा मागितला.