होडीचं तिकीट नसलेल्यांनी बसायचं कुठं?

गेटवे ऑफ इंडियाच्या बाजूला, रेडिओ क्लबजवळ, नवी जेट्टी व्हायची आहे. कुलाब्याच्या रहिवाशांनी तिच्याविरुद्ध उच्च न्यायालयात दाद मागितली. जुलै २०२५ मध्ये न्यायालयानं जेट्टीला हिरवा कंदील दाखवला, पण अटी घालून. आराखड्यातल्या पायऱ्यांच्या बैठकीवर होडीची वाट पाहणाऱ्यांनीच बसायचं, तिथं करमणुकीचे कार्यक्रम करायचे नाहीत, आणि प्रवाशांना पाणी नि पाकीटबंद खाणं एवढंच मिळेल. मी कुलाब्यात राहत असते तर मीही बहुधा हेच मागितलं असतं. पण मी राहते भिवंडीच्या टेमघरला. कुलाबकर ज्या गर्दीला घाबरतात, ती गर्दी म्हणजे आम्ही.

भाचीचं लग्न ठरलं तेव्हा आत्यानं जाहीर केलं, बस्ता मुंबईलाच बांधायचा. आणि गेलोच आहोत तर बंदर नि जहाजं बघायची. भिवंडीला रेल्वे आहे, पण ती वसई-दिवा मार्गावर. मुंबईची लोकल हवी तर कल्याण गाठावं लागतं. म्हणून शेअर रिक्षानं राजनोली नाका, कोनगाव, मग दुर्गाडीचा पूल. खरं तर बंदर बघायला इथंच उतरायला हरकत नव्हती. १६५७ मध्ये शिवाजी महाराजांनी कल्याण-भिवंडी घेतली आणि मराठ्यांच्या आरमाराची सुरुवात याच खाडीकाठी झाली असं आपण मानतो. आता त्या खाडीकडं पूल ओलांडताना कुणी मान वळवूनही बघत नाही.

मंगलदास मार्केटात दुकानदारानं शर्टाच्या कापडाचा तागा उलगडला आणि त्याचं कौतुक सुरू केलं. आत्यानं कापड चिमटीत धरलं, उजेडाकडं धरून बघितलं आणि माझ्या कानाशी लागली, ''यो त आपलाच माल हाय गो.'' तिच्या नवऱ्याचे माग होते. पन्हा नि पीक ती बोटांनी ओळखते. आमच्याकडचं कोरं कापड राजस्थानात बालोतऱ्याला, पालीला रंगायला जातं आणि तिथून बाजारात येतं. तरी आत्यानं ते घेतलंच, वर घासाघीस करून घेतलं. क्रॉफर्ड मार्केटला माझी पाळी आली. रुखवतासाठी प्लास्टिकचे डबे नि रोषणाईच्या माळा बघत होतो, आणि मागं रचलेल्या खोक्यांवरचे शिक्के मी रोज बघते त्यांच्यासारखे. मी माणकोलीच्या एका गोदामात आवक-जावक लिहिते. १९८९ मध्ये न्हावाशेवा बंदर सुरू झालं. आता तिकडचा कंटेनर आमच्याकडं येऊन उघडतो आणि टेम्पोनं माल मुंबईच्या बाजारात पोचतो. मोबाइलवर मागवलं तर बऱ्याचदा त्याच पट्ट्यातनं घरी येतं.

मग इतक्या लांब का जायचं? बघायला. तीन दुकानं फिरून चौथ्यात घ्यायला, भुलेश्वरला बांगड्यांचे जोड हातात चढवून उतरवायला, स्टीव्हन्सनं बांधलेल्या सीएसएमटी स्टेशनच्या घुमटाकडं मान मोडेस्तोवर बघायला. खरेदी हे घरातल्या पुरुषांना सांगायचं कारण असतं. आमच्यातल्या पुष्कळ बायकांच्या आयुष्यात सहल या नावाखाली दुसरं काही येत नाही, त्यामुळं या दिवसाची चेष्टा करणाऱ्यांचा मला राग येतो.

या दिवसात महाग काय पडतं, तर बसणं. कापडाच्या दुकानातली पांढरी गादी बिल होईपर्यंतच आपली. तोवर चहासुद्धा येतो. हॉटेलात ताट रिकामं झालं की पोऱ्या फडकं घेऊन उभा. वस्तुसंग्रहालयाची बाग सुंदर आहे, पण तिकिटाच्या आत. गेटवेला पोचलो तेव्हा आत्याचे गुडघे बोलायला लागले होते, हातात पिशव्या होत्या आणि टेकायला जागा दिसेना. तिनं उभ्यानंच नांगरलेली जहाजं बघितली. त्यातल्या कशातून माझे कंटेनर येतात, हे तिला मी दाखवावं अशी तिची अपेक्षा होती. ते पलीकडं न्हावाशेव्याला लागतात म्हटल्यावर तिचा विरस झाला.

कुणी म्हणेल, मरीन ड्राइव्हला जा. गेलो. तो साडेतीन किलोमीटरचा कट्टा म्हणजे या शहरानं फुकट दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट, त्याबद्दल मुंबईला शंभर गुन्हे माफ. पण तिथं समोर उघडा समुद्र, बंदर पूर्वेला. आणि पूर्वेला कुलाब्यापासून वडाळ्यापर्यंत बहुतेक ठिकाणी भिंती, फाटकं, गोद्या. चालू गोदीत कुणालाही सोडावं असं मी म्हणत नाही. १४ एप्रिल १९४४ ला व्हिक्टोरिया गोदीत फोर्ट स्टिकीन जहाजाचा स्फोट झाला, शेकडो माणसं गेली. भिंतीला कारण आहे. पण सगळा किनारा काही चालू गोदी नाही. २०१४ मध्ये राणी जाधव समितीनं बंदराच्या जमिनीपैकी बरीच जागा लोकांसाठी खुली करण्याची शिफारस केली होती. त्यातलं लोकांच्या पदरात फारच थोडं पडलं.

गेटवे तरी कुणासाठी बांधला? बोटीनं येणाऱ्या राजासाठी. तो १९११ मध्ये येऊन गेला आणि कमान १९२४ मध्ये पुरी झाली. त्याच कमानीखालून १९४८ मध्ये शेवटची गोरी पलटण बोटीत बसली. आपण तेव्हाही बघेच होतो. त्यापेक्षा मला भाऊचा धक्का जवळचा वाटतो. एकोणिसाव्या शतकात लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य ऊर्फ भाऊ यांनी साध्या उतारूंची चिखलातली पायपीट वाचावी म्हणून धक्का बांधला. धक्का पुढं सरकला, नाव राहिलं. मोऱ्याला, रेवसला जाणारी माणसं आजही तिथूनच लाँच धरतात.

कुलाब्याच्या लोकांची वाहतुकीची, गोंगाटाची तक्रार खोटी नाही. पण गर्दी कमी करायचा उपाय म्हणून बसायची जागा कमी केली, तर माणसं येणं थांबत नाही. ती फुटपाथवर, दुकानाच्या पायरीवर, गाड्यांच्या मध्ये उभी राहतात. कट्टा असला की गर्दी पसरते आणि खाली बसते. त्याच्याजवळ बायकांसाठी धड स्वच्छतागृह नि प्यायच्या पाण्याचा नळ असला, तर आमच्यासारख्या पन्नास-साठ किलोमीटरवरून येणाऱ्यांना सकाळपासून पाणी न पिता फिरावं लागणार नाही. हे जेट्टीच्या आत नको असेल तर बाहेर करा, ससून डॉकच्या बाजूला करा, भाऊच्या धक्क्याशेजारी करा.

कारण आम्ही येणार आहोत. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रो ५ च्या पुढच्या टप्प्यात टेमघर स्टेशन आहे. ती कापूरबावडीला मेट्रो ४ ला मिळेल, ४ वडाळ्याला जाईल. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये राज्य मंत्रिमंडळानं मंजूर केलेली मेट्रो ११ वडाळ्याहून थेट गेटवेपर्यंत जाणार आहे. म्हणजे हजारो कोटी रुपये खर्चून सरकार आम्हाला पाण्यापर्यंत आणून सोडणार. त्या आराखड्यांत स्टेशनं आहेत, वाहनतळ आहेत, जेट्ट्या आहेत. त्यातच दोनशे माणसं बसतील एवढा एक दगडी कट्टाही काढा, बंदराकडं तोंड करून, बिनतिकिटाचा.