फी भरण्याआधी दहावीचे गणित काढा

बारावीनंतर काय, हा प्रश्न माढा तालुक्यातल्या घराघरांत दरवर्षी उभा राहतो. पूर्वी उत्तरे ठरलेली असत : आयटीआय, डी.एड., पोलीस भरती. नोव्हेंबर २०२२ मध्ये चॅट-जीपीटी आले आणि या यादीत कृत्रिम बुद्धिमत्तेचे, म्हणजे एआयचे नाव शिरले. 'तीन महिन्यांत एआय शिका, नोकरी मिळवा' अशी जाहिरात मोबाईलवर येते. मुलगा फी मागतो, आई बचत गटातून उचल घ्यायला निघते. त्या मातापित्यांना आमचे चार शब्द.

यंत्र शिकते म्हणजे काय करते? डाळिंबाच्या प्रतवारीला जाणाऱ्या आपल्या भगिनींना विचारा. फळ हातात घेताच ते कोणत्या क्रेटमध्ये जाणार हे त्या सांगतात. नियमांचे पुस्तक त्यांनी वाचलेले नाही, हजारो फळे पाहून नजर बसली आहे. यंत्रालाही तसेच शिकवतात. तेल्या पडलेल्या आणि निरोगी फळांचे हजारो फोटो त्याला देतात. कोणते रोगट, कोणते चांगले, हे जाणकार माणसाने आधी नोंदवलेले असते. यंत्र फोटोचे आकडे करते, अंदाज बांधते, चुकले की आकडेमोड सुधारते. यालाच मशीन लर्निंग म्हणतात. नोंद चुकली तर यंत्रही चुकीचेच शिकते. म्हणून ज्याला फळही कळते आणि आकडाही कळतो, त्याची या कामात किंमत.

तेव्हा पाया गणिताचा. आधी दहावीचे बीजगणित, सांख्यिकी आणि संभाव्यता पक्की करावी. मग पायथन ही संगणकाची भाषा. एआय त्यानंतर. या पायऱ्या गाळून मिळवलेला कागद मुलाखतीच्या पहिल्याच प्रश्नाला उघडा पडतो.

शिकायचे कोठे? केंद्र सरकारच्या 'स्वयम्' वर २०१७ पासून अभ्यासक्रम फुकट पाहता येतात. पैसे लागतात ते प्रमाणपत्राच्या परीक्षेला. मद्रासच्या आयआयटीने २०२० मध्ये डेटा सायन्सचा पदवी अभ्यासक्रम जाहीर केला. तो घरी बसून करता येतो, परीक्षा मात्र केंद्रावर जाऊन द्यावी लागते. त्याला जेईई लागत नाही. कोणत्याही शाखेची बारावी चालते, दहावीला गणित व इंग्रजी हवे. आधी चार आठवडे इंग्रजी, गणित, सांख्यिकी आणि संगणकीय विचार शिकवतात, मग पात्रता परीक्षा. अनुसूचित जातींना फीत सवलत आहे. १९९० च्या कायद्याने बौद्धांनाही अनुसूचित जातींच्या केंद्रीय सवलती मिळाल्या. म्हणून संस्था मागेल त्या नमुन्यातला दाखला आधीच काढून ठेवावा.

अडचणी आम्ही झाकत नाही. शिकवणे इंग्रजीत आहे. लहान मोबाईलवर पायथन लिहिताना डोळे थकतात. नोकरीची हमी कोणीच देऊ शकत नाही. पण तीन-चार घरांनी मिळून एक जुना संगणक घेतला, विहारात ठेवला आणि संध्याकाळचे दोन तास मुलामुलींना नेमून दिले, तर कर्ज न काढता सुरुवात होते. मुलींची पाळी स्वयंपाकाच्या वेळी लावू नका, एवढे मात्र पाहा.

दोन महिने हा अभ्यास टिकला तर पुढच्या फीचा विचार करावा. नाही टिकला तर निदान बचत गटाचे पैसे वाचले, आणि दहावीचे गणित पक्के झाले. ते पोलीस भरतीच्या लेखी परीक्षेलाही उपयोगी पडते.