पटावरच्या मुली, निकालातल्या मुली



दहावीचा निकाल लागला की दरवर्षी ‘यंदाही मुलींचीच बाजी’ असा मथळा येतो. आपल्यालाही बरं वाटतं. पण तो टक्का असतो परीक्षेला बसलेल्या मुलींचा. पहिलीत ज्यांची नावं पटावर चढली त्यांतल्या किती जणी दहावीपर्यंत पोचल्या, हे तो सांगत नाही.

ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिकांच्या शाळांची तुलना करायला बसलं की हीच अडचण येते. २०११ च्या जनगणनेत ठाणे शहराची लोकसंख्या १८ लाख ४१ हजार, कल्याण-डोंबिवलीची १२ लाख ४७ हजार. तेव्हा नुसता एकूण पट शेजारी ठेवून काहीच कळत नाही. कल्याण-डोंबिवलीची तर हद्दच बदलत राहिली: २७ गावं १९८३ साली आत आली, २००२ साली बाहेर गेली, २०१५ साली पुन्हा आत. शिवाय पट म्हणजे हजेरी नव्हे. ऑक्टोबर २०११ मध्ये राज्यभर पटपडताळणी झाली, तेव्हा कागदावरची मुलं वर्गात नसल्याचं उघड झालं. मुलांना वाचता येतं का हे तपासणारा ‘असर’चा अहवाल ग्रामीण भागापुरता असतो, आपल्या शहरी वस्त्या त्यात येतच नाहीत.

पालिकेच्या शाळेत मुली जास्त दिसल्या तरी लगेच हुरळून जायला नको. वस्तीत काम करताना एक चित्र वारंवार दिसतं: भाऊ फी भरून इंग्रजी माध्यमात, बहीण पालिकेच्या शाळेत. घरातला भेदभावच असा पटावर उमटतो. फीचा खड्डा पडला की मुलाची शाळा सांभाळली जाते. आईला धुण्याभांड्याचं आणखी एक काम मिळालं की धाकट्याला सांभाळायला मुलगी घरी राहते.

शिक्षणहक्क कायद्याचं छत्र ६ ते १४ वयापुरतं. आठवीनंतर शाळा बदलायची, रिक्षाभाडं काढायचं, लांब जायचं. नेमकी याच वयात पाळी आलेली असते आणि घरात ‘आता पुरे’ सुरू होतं. दोन्ही शहरांची तुलना करायची तर ती इथे करायला हवी.

हे आपण करू शकतो. कायद्याच्या २१व्या कलमानुसार शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि निम्म्या स्त्रिया असायलाच हव्यात. बऱ्याच ठिकाणी बायका फक्त सहीपुरत्या बसवल्या जातात. आपल्या गटातल्या आयांनी तिथे बसून विचारावं: आठ वर्षांपूर्वी पहिलीत किती मुली होत्या? त्यांतल्या किती आठवीत पोचल्या? दाखला घेऊन दुसरीकडे गेल्या त्या किती, आणि नुसत्याच यायच्या बंद झाल्या त्या किती? आठवी झालेल्यांपैकी नववीत नाव कोणी घातलं? उत्तर मिळालं नाही तर माहितीच्या अधिकाराचा अर्ज आहेच.

मुंब्रा, कळवा, वागळे इस्टेट, मोहने, टिटवाळा अशा वस्त्यांतल्या गटांनी एकेक शाळा घेतली, तरी पुढच्या बैठकीत आपल्या हाती आपली स्वतःची यादी असेल. त्यात निकालाचा टक्का नसेल, गाळलेल्या मुलींची नावं असतील. ती नावं घेऊन घरोघर जाता येतं. टक्का घेऊन जाता येत नाही.