जगाचें संगीत आणि गाणाऱ्याचें नांव

संगीताला सरहद्द नसते, हें वाक्य अलीकडे इतक्या तोंडांतून ऐकूं येतें कीं, तें खरें आहे कीं नाहीं हें तपासून पाहण्याची गरजच कोणास वाटेनाशी झाली आहे. आम्हींहि तें पूर्वीं अनेकदां उच्चारलें आहे. परंतु मध्यंतरीं इंग्लंडच्या ग्रामभागांत भरलेल्या लोकसंगीताच्या व ‘जागतिक संगीता’च्या एका मेळ्यांत आम्ही शुक्रवारच्या सायंकाळपासून रविवारच्या रात्रीपर्यंत राहिलों, आणि तेव्हांपासून हें वाक्य उच्चारतांना आमची जीभ अडखळूं लागली आहे. असें कां व्हावें, हें वाचकांपुढें मांडण्यासाठींच हा लेखप्रपंच.

जें चांगलें दिसलें तें आधीं सांगणें हाच न्याय होय. एरव्हीं जेथें मेंढ्या चरतात त्या कुरणांत तीन दिवसांपुरतें तंबूंचें एक गांवच वसलें होतें. पाऊस आला, पायांखालीं घोटाभर चिखल झाला. तरी मुलांना खांद्यावर घेतलेले बाप आणि घडीच्या खुर्च्या घेऊन आलेल्या आजीबाई जागच्या हलल्या नाहींत. शनिवारीं दुपारीं पश्चिम आफ्रिकेंतील एक वृद्ध वादक व्यासपीठावर येऊन बसला. त्याच्या पुढ्यांत कोरा होता. मोठ्या भोपळ्याच्या अर्ध्या कवचावर कातडें ताणून केलेलें हें एकवीस तारांचें वाद्य. आमच्याकडे भाटाच्या घरीं जशी वंशावळ मुखोद्गत असते, तशी या वादकांच्या घराण्यांतून राजकुळांची कीर्ति पिढ्यान् पिढ्या गाइली जाते. त्याची भाषा त्या कुरणांत दहा माणसांसहि कळत नसावी. तरी तो वाजवूं लागला तेव्हां सारा जनसमुदाय निःशब्द झाला. त्या घटकेला आम्हांसहि वाटलें कीं, संगीताला खरोखरीच सरहद्द नसते.

मग निवेदक पुढें आला. त्यानें त्या वृद्धाच्या देशाचें नांव घेतलें, आपण ‘आफ्रिकेचा आत्मा’ ऐकला असें सांगितलें, आणि टाळ्या मागितल्या. वादकाचें नांव मात्र त्यानें घेतलें नाहीं. आम्हीं हातांतली छापील कार्यक्रमपत्रिका उघडून पाहिली. पुढचा गायक त्याच परगण्यांतला, गिटार वाजविणारा एक तरुण होता. त्याचें नांव, त्याचें गांव, त्याच्या ध्वनिमुद्रिकांचीं नांवें, सारें तेथें छापलें होतें. वृद्धापुढें केवळ देश, आणि ‘पारंपरिक’ हा एक शब्द. एकास नांव मिळालें होतें. दुसऱ्यास नकाशावरची जागा.

एका निवेदकाचा प्रमाद म्हणून ही गोष्ट सोडून देतां आली असती. पण या वृत्तीचें मूळ ‘जागतिक संगीत’ या नांवांतच आहे असें आमचें स्पष्ट मत आहे. विद्यापीठांत हा शब्दप्रयोग रूढ केला तो अमेरिकेंतील वेस्लियन विद्यापीठाच्या रॉबर्ट ब्राउन यांनीं, १९६० नंतरच्या पहिल्या कांहीं वर्षांत. त्यांचा हेतु उदार होता. देशोदेशींचे गुरु बोलावून विद्यार्थ्यांस त्यांच्यापुढें बसवावें, हा. बाजारांत मात्र तो आला २९ जून १९८७ रोजीं. त्या दिवशीं लंडनच्या इस्लिंग्टन भागांतील एका मद्यगृहांत ध्वनिमुद्रिका काढणाऱ्या लहान लहान संस्थांचे लोक जमले. त्यांची अडचण साधी होती. आफ्रिकेंतल्या, आशियांतल्या, लॅटिन अमेरिकेंतल्या ध्वनिमुद्रिका दुकानदारानें कोणत्या फळीवर लावाव्या? फळीला नांव हवें होतें, तें मिळालें. दुकानाच्या सोयीसाठीं फळीला चिठ्ठी चिकटविण्यांत पाप नाहीं. पाप आहे तें ती चिठ्ठी माणसाच्या कपाळीं चिकटविण्यांत. व्हिएन्नाचें तें संगीत, लिव्हरपूलचें तें संगीत, आणि माली, कोरिया, राजस्थान यांचें तें ‘जागतिक’! २०२० सालीं अमेरिकेच्या ग्रॅमी पारितोषिकांनीं आपल्या विभागाच्या नांवांतील ‘वर्ल्ड’ काढून ‘ग्लोबल’ घातलें. पाटी बदलली, फळी तीच राहिली.

मग हे मेळे बंदच करावे काय, असें कोणी विचारील. मुळींच नाहीं. लोककला वेशीबाहेर नेली कीं बाटते, असें मानणारा एक सोवळा पक्ष आमच्याकडेहि आहे. त्याच्याशीं आमचें बिलकूल जमत नाहीं. ज्याला कला ताजी हवी, पण कलावंताच्या घरीं चूल पेटली कीं नाहीं याची चौकशी नको, त्यानें शुद्धतेच्या गोष्टी सांगूं नयेत. शिवाय हे मेळे उभारणाऱ्यांनीं झीजहि सोसली आहे. पीटर गॅब्रिएल व त्यांच्या सहकाऱ्यांनीं १९८२ सालीं सॉमरसेट परगण्यांतील शेप्टन मॅलेट येथें ‘वोमॅड’चा पहिला मेळा भरविला, तेव्हां एवढें कर्ज झालें कीं, त्याच्या फेडीसाठीं गॅब्रिएल यांना त्याच वर्षीं ‘जेनेसिस’ या आपल्या जुन्या मंडळींसह पुन्हा एकदां व्यासपीठावर उभें राहावें लागलें. याच संस्थेनें १९८५ सालीं एसेक्सच्या किनाऱ्यालगतच्या मर्सी बेटावर नुसरत फतेह अली खान यांस पाचारण केलें. खांसाहेब आपल्या साथीदारांसह बैठक घालून बसले आणि आपल्या रीतीनें कव्वाली गाइले. तें ध्वनिमुद्रण २०१९ सालीं प्रसिद्ध झालें, आणि त्यावर खांसाहेबांचें नांव आहे. ‘पाकिस्तानचा आत्मा’ असें कोणी लिहिलें नाहीं. म्हणजे नांव देणें अशक्य नाहीं. तें मनांत असावें लागतें.

नांवाचा एवढा आग्रह कशासाठीं? नांव गेलें कीं मागोमाग हक्क जातो, यासाठीं. सॉलोमन लिंडा या झुलू गायकानें १९३९ सालीं जोहान्सबर्ग येथें ‘एम्बुबे’ हें गाणें ध्वनिमुद्रित केलें. पुढें त्याचे हक्क अवघ्या दहा शिलिंगांवर त्याच्या हातून गेले. त्याच सुरावटीचें इंग्रजी गाणें १९६१ सालीं जगभर गाजलें; लिंडा दुसऱ्याच वर्षीं दारिद्र्यांत वारला. वारसांची तडजोड झाली ती २००६ सालीं. सॉलोमन बेटांवरील आफुनाक्वा नांवाच्या स्त्रीनें एका संशोधकापुढें अंगाईगीत गाइलें होतें. १९९२ सालीं ‘डीप फॉरेस्ट’ या मंडळीच्या गाण्यांत तिचा आवाज घेतला गेला, आणि १९९६ सालच्या एका युरोपीय ध्वनिमुद्रिकेवर तेंच गीत मध्य आफ्रिकेंतील पिग्मी लोकांचें म्हणून छापलें गेलें. बाईचें नांव गेलें, गांव गेलें, समुद्रहि बदलला! तैवानमधील आमिस जमातीच्या दिफांग यांचा आवाज अशाच रीतीनें एका गाण्यांत गेला आणि १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकच्या जाहिरातींत वाजला. त्यांनीं फिर्याद केली, तेव्हां १९९९ सालीं तडजोड होऊन त्यांच्या गाण्यास त्यांचें नांव मिळालें.

राहिली सरहद्द. २०१८ सालीं ट्युनिशियाचे साब्री मोस्बा आणि मोझांबिकचे वाझिम्बो यांना व्हिसाच्या अडचणींमुळें वोमॅडच्या व्यासपीठापर्यंत पोहोंचतांच आलें नाहीं. सूर जातो, गाणारा थांबतो. तेव्हां संगीताला सरहद्द नसते हें वाक्य ऐकणाऱ्याच्या बाजूनें खरें आहे, गाणाऱ्याच्या बाजूनें नाहीं.

यावर एक शेवटचा आक्षेप येतो: लोकगीत हें निनावीच असतें. हें आम्हांस अर्धेंच मान्य आहे. जात्यावरची ओवी कोणी रचली तें सांगतां येणार नाहीं. पण आज ती ध्वनिमुद्रकापुढें गाणारी बाई निनावी नाहीं. आणि आमची परंपरा तर नाममुद्रेची. अभंगाच्या शेवटीं संताचें नांव येतें, लावणीच्या शेवटीं शाहिराचें. पठ्ठे बापूराव हे १९४५ सालीं पुण्यांत हलाखींत वारले. त्यांची मुद्रा त्यांच्या लावण्यांतून अद्याप ऐकूं येते. नांव टिकलें, भाकरी मात्र त्यानें मिळाली नाहीं. म्हणून नांवाबरोबर दामहि मागावा लागतो.

परक्यांस शिकवून घरीं गप्प बसणें आम्हांस शोभणार नाहीं. आमच्या लोककला महोत्सवांच्या पत्रिका वाचकांनीं एकदां काढून पाहाव्या. उद्घाटकाचें नांव ठळक, अध्यक्षांचें त्याहून ठळक, आणि खालीं एका ओळींत ‘गोंधळ, वासुदेव, लावणी’. संबळ कोण वाजविणार, ढोलकी कोणाची, गळा कोणाचा, याचा पत्ता नाहीं. यापुढें अशी पत्रिका हातीं आली, तर आम्ही तरी व्यासपीठामागें जाऊन संबळ वाजविणाऱ्यास त्याचें नांव विचारूं, आणि तें या पानांत छापूं.